मागे रस्ता आहे

दोरवाल्यांच्या घरात उलटं चालता आल्याशिवाय सून पक्की समजत नसत. एकाने छपरात बसून चाक फिरवायचं आणि दुसऱ्याने कमरेला वाखाचा पुंजका बांधून, बोटांतून वाख सोडत सोडत मागे मागे जायचं. जेवढं मागे जाल तेवढी दोरी लांब. पुढे बघून चालणाऱ्याचा हा धंदाच नव्हे. सून लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी खुंट्याला अडखळून पाठीवर आपटली होती, आणि चाकावर बसलेली सासू पोट धरून हसली होती. हसणं थांबल्यावर म्हणाली, "झालं, आता तू घरची झालीस."

दोरी वळायची जमिनीची पट्टी छपरापासून निघून थेट हमरस्त्याच्या कडेला जाऊन टेकायची. म्हणजे चालणाऱ्याची पाठ कायम रस्त्याकडे. ट्रक मागून गेला की मानेवर गरम वारा यायचा आणि हातातली दोरी थरथरायची. सासऱ्याला सगळी वस्ती आबा म्हणायची. तो छपरात वाख विंचरत बसायचा आणि सून पट्टीच्या टोकाशी पोचली की दर खेपेला ओरडायचा, "मागे रस्ता आहे!" इतक्या वर्षांत रस्ता कुठे आहे हे सुनेच्या टाचांना पाठ झालं होतं. तरी तो ओरडायचाच. मायेची म्हणून एवढी एकच ओळ त्याला येत असावी.

रस्त्याच्या या बाजूला घर आणि चाक, त्या बाजूला तळं. तळ्याच्या बांधावर घायपात वाढायचा. त्याची काटेरी पानं कापायची, तळ्यात दगडांखाली दाबून कुजत घालायची, कुजली की काढून मोगरीने बडवायची, धुवायची, आणि मग ओल्या वाखाचा भारा डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडून घरी आणायचा. हे सगळं सुनेचं काम. घायपाताच्या रसाने तिचे हात कोपरापर्यंत खाजायचे, बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या, आणि कुजक्या पाण्याचा वास अंगाला असा चिकटायचा की साबण हरायचा. रोज सकाळी ती जायची, भारे आणायची, पुन्हा जायची. ट्रकवाले तिला ओळखायचे. काही जण वेग कमी करायचे, काही जण मुद्दाम भोंगा वाजवून तिला दचकवायचे, आणि तेच पुढे जाऊन थांबून माल बांधायला आबाचा तीनपदरी दोर घ्यायचे. त्या दोरावर घर चालत होतं.

तळ्याच्या काठावर एक पाटी होती. तळ्यात काहीही कुजवण्यास मनाई आहे, असं तिच्यावर लिहिलेलं. उन्हापावसाने पाटीवरची अक्षरं उडून गेली होती. आबाची भीती मात्र उडाली नव्हती.

त्या वर्षी उन्हाळा लवकर लागला. तळं आटून पाणी मधोमध गेलं होतं आणि सुनेला गुडघाभर चिखलातून भारे ओढावे लागत होते. त्याच दिवसांत रस्ता रुंद होणार अशी बातमी आली. बातमी घेऊन आल्या त्या रस्त्याच्या कचेरीतल्या एक बाई. पायात मळकी पायताणं, उन्हाने रापलेलं तोंड, आवाज बसलेला. वस्तीपाशीच्या वळणावर, पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर त्यांनी माणसं गोळा केली आणि म्हणाल्या, "या वेळी आधी तुम्हाला विचारणार, मग रस्ता आखणार. रस्त्याच्या मध्ये भिंत येईल, कुठूनही ओलांडता येणार नाही. पण या पट्ट्यात एक बोगदा द्यायचाय, पायी जाणाऱ्यांसाठी. तो कुठे हवा हे तुम्ही सांगायचं. दुकानदारांनी, शेतकऱ्यांनी, बायकांनी, सगळ्यांनी सांगायचं."

 पंक्चरवाल्याने हातातली ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघितले. जणू भोक बाईंच्या बोलण्यातच कुठेतरी होतं.

घरी आल्यावर आबा म्हणाला, "न विचारता घेणारा एकदाच घेतो. विचारून घेणारा पुन्हा पुन्हा येतो."

त्याचंही चूक नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी अशीच गोड बोलणारी माणसं आली होती. कुणाकडे किती चाकं, किती माग, किती भट्ट्या, सगळं विचारून गेली. तुमच्याच फायद्याचं आहे, म्हणाली. वस्तीने छाती फुगवून एकाची दोन सांगितली, आणि पुढच्या वर्षी चाकामागे कर बसला. आबाने तेव्हा दुसरं चाक मोडून चुलीत घातलं. तेव्हापासून सरकारी माणसाने काहीही विचारलं की वस्तीचं उत्तर ठरलेलं असायचं: नाही, थोडं, कधीतरी. पोरंसुद्धा शाळेत तपासणीला आलेल्या साहेबाला घरात माणसं किती हे एक कमी करून सांगायची.

"पण आबा," सून म्हणाली, "बोगदा इथे नाही झाला तर मी तळ्यावर जाणार कशी?"

"तू ओलांडतेस म्हणून सांगितलंस की त्या विचारणार, कशाला ओलांडता? वाखासाठी म्हटलंस की विचारणार, वाख कुठे कुजवता? तळ्यात म्हटलंस की पाटी उभी आहेच. तळं बंद झालं तर बोगद्यातून काय वारा आणणार आहेस?" आबाने वाखाची गुंतवळ दाताने तोडली. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

सुनेने नवऱ्याकडे बघितलं. तो दोराच्या टोकाला गाठ मारत होता. ती गाठ त्याने सोडली आणि पुन्हा मारली. बापासमोर त्याचं बोलणं तेवढंच असायचं.

मग मोजणी आली. रस्ता पायी कोण, कुठून, किती वेळा ओलांडतं हे बघायला वळणावर छत्री लावून दोन मुली बसल्या. हातात टिकटिक करणारं यंत्र. एक माणूस गेला की एक टिक. तशाच दोघी तिथून बरंच वर, चढावरच्या हॉटेलापाशी बसल्या होत्या.

वळणावर त्या दिवसांत चिटपाखरू फिरकलं नाही. आबाने बजावलं होतं, मोजणी उठेपर्यंत तळ्याकडे बघायचंही नाही. दूधवालीने म्हशी गोठ्यातच ठेवल्या आणि त्यांना पेंढा घालता घालता शिव्या घातल्या. पंक्चरवाल्याचं घर रस्त्यापलीकडे, तर तो दुकानातच झोपला आणि बायकोने पलीकडून हाताने खूण करून विचारलं, जेवण पाठवू का? त्याने हाताने सांगितलं, नको, मोजतील. छत्रीतल्या मुली कंटाळून डुलक्या काढत होत्या. सून छपरातून त्यांच्याकडे बघत होती. तळ्यात पानं जास्त दिवस राहिली की सडतात, वाख काळा पडतो, हाताने ओढला की तुटतो. तिचा जीव तिकडे होता. एकदा तर ती उठून कडेपर्यंत गेलीसुद्धा. एका मुलीने तिला बघून यंत्रावर अंगठा ठेवला. सून तिथूनच माघारी फिरली.

वर हॉटेलवाल्याने मात्र गंमत केली. बोगदा हॉटेलापाशी झाला तर पलीकडच्या गाड्या थांबवूनही माणसं आत जेवायला येतील, हे त्याने पहिल्या दिवशीच हेरलं होतं. त्याने सगळ्या वेटरांना कामाला लावलं. रिकामी बादली घेऊन जा पलीकडे, रिकामी बादली घेऊन ये अलीकडे. आचाऱ्यालाही सोडलं नाही. मोजणाऱ्या मुलींचे अंगठे दुखले म्हणे. वस्तीत ही गोष्ट सांगून सगळे पोट धरून हसले. आबाही हसला. "मूर्ख आहे लेकाचा," म्हणाला, "बसेल आता त्याच्यावर कर."

मोजणी उठल्यावर सून धावत तळ्यावर गेली. निम्मा वाख काळा पडला होता.

त्याच आठवड्यात बाई घरोघरी आल्या. आबा सुनेच्या नवऱ्याला घेऊन माल पोचवायला गेला होता. घरी सासू आणि सून. सासूला डोळ्यांनी अंधुक दिसायचं, पण चाक तिला डोळ्यांनी फिरवावं लागत नव्हतं. बाई पट्टीच्या कडेला उभ्या राहून सुनेचं उलटं चालणं बघत राहिल्या.

"मला जमेल का हो हे?" त्यांनी विचारलं.

"पडाल," सून म्हणाली, आणि दोघी हसल्या.

बाईंनी पाणी मागितलं, प्यायल्या, भांडं उपडं घातलं. मग विचारलं, "तुम्ही रस्ता ओलांडता का? कामासाठी, पाण्यासाठी, कशासाठीही?"

सुनेच्या कमरेला तळ्यातलाच वाख होता. तो अजून दमट होता. हाताच्या चिरांत काळा रस बसला होता आणि वास तर बाईंच्या नाकापर्यंत गेलाच असेल. बाई तिच्या हातांकडे बघत होत्या. आता हिने नुसतं आणखी एकदा विचारावं, सुनेला वाटलं, नुसतं म्हणावं की खरं सांग, तर मी सांगून टाकीन.

चाक थांबलं. सासूने मान तिच्या दिशेने वळवली होती.

"कधीतरी जाते," सून म्हणाली.

"आणि ते पलीकडचं तळं? कुणी वापरतं?"

"नाही. कुणी नाही."

बाईंनी तिच्या हातांवरची नजर काढली. मग म्हणाल्या, "बरं. काही सांगावंसं वाटलं तर शाळेत सभा आहे, तिथे या. नकाशा तिथे दाखवणार आहोत. तेव्हाही बदलता येईल."

सभेला सगळी वस्ती गेली. शाळेच्या मोठ्या खोलीत फळ्यावर नकाशा लावला होता. त्यावर रस्ता लाल, बोगदा निळा. निळी खूण वर, हॉटेलापाशी होती. हॉटेलवाला पहिल्या बाकावर इस्त्रीचा सदरा घालून बसला होता आणि येणाऱ्या जाणाऱ्याला चहा विचारत होता, जणू सभा त्याच्याच घरची होती. बाकं लहान मुलांची, म्हणून मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन अवघडून बसली होती.

सुनेने नकाशात आपलं घर शोधलं. घर होतं. वळण होतं. रस्त्यापलीकडे, तळ्याच्या जागी, एक फिकट राखाडी ठिपका होता आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: वापर नाही.

"कुणाला काही बोलायचंय?" बाईंनी विचारलं. "आज बोला. आजच्यानंतर कठीण होईल."

 पंखा कुरकुरत होता. सुनेला आपण उठून उभ्या राहिलोय हे उभं राहिल्यावर कळलं. मांडी बाकाला आपटली आणि सगळ्या माना वळल्या.

"बोगदा वळणावर पाहिजे," ती म्हणाली. "आम्ही रोज ओलांडतो. मी ओलांडते. वस्तीतले सगळे ओलांडतात."

"तुम्ही मला 'कधीतरी जाते' म्हणाला होतात," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

"खोटं बोलले होते."

खोलीत हशा पिकला. हॉटेलवाला मागे वळून म्हणाला, "वहिनी, मोजणीच्या दिवसांत झोपला होता काय सगळे?" आणखी हशा. सुनेचे कान तापले, पण ती बसली नाही.

बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "हरकत नाही. आज सांगितलंत, बरं झालं. मोजणीत आलं नाही तरी वस्तीने मिळून सांगितलं तर मी ते वर मांडू शकते. कशासाठी ओलांडता, एवढं फक्त सांगा. आणि घरातल्या कुणी मोठ्या माणसाने दुजोरा द्यावा." त्या आबाकडे वळल्या. "आजोबा, तुम्ही सांगा. सूनबाई म्हणतात ते खरं का?"

आबा उठला. सावकाश, बाकाचा आधार घेत. सून त्याच्याकडे बघत होती. तिने त्याच्याकडे असं सरळ तोंडाकडे कधी बघितलं नव्हतं. एकदा होय म्हणा, आबा. तळ्याचं नाव नका घेऊ, म्हशीचं घ्या, शेताचं घ्या, पण होय म्हणा.

आबाची नजर नकाशावर होती. भिंतीजवळ दोन साहेब बसले होते, एकाच्या हातात पेन होतं. आबाने ते पेन बघितलं.

"सून बाहेरगावची आहे," तो म्हणाला. "तिला इथलं काही कळत नाही. आमच्यातलं कुणी रस्ता ओलांडत नाही. तळ्याशी आमचा काही संबंध नाही."

सून पंक्चरवाल्याकडे वळली. त्याने खाली मान घालून नखातली काजळी काढायला घेतली. दूधवाली खिडकीबाहेर बघत होती. नवरा शेजारीच बसला होता. त्याने तिचा हात धरून तिला हळूच खाली ओढलं, आणि ती बसली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार करायची तर कुणाकडे?

बाई कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून खोलीभर बघत राहिल्या. मग त्यांनी पुढचा विषय घेतला.

जाताना हॉटेलवाला आबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही, काय आबा? चहा घेऊन जा."

आबाने चहा घेतला नाही. घरी जाताना तो पुढे, नवरा मध्ये, सून मागे. वस्तीपाशी आल्यावर आबा न वळता म्हणाला, "तळं गेलं असतं."

"तळं राहिलं," सून म्हणाली. "वाट गेली."

"पुरे ना आता," नवरा म्हणाला. त्या दिवशी तेवढंच बोलणं झालं. पण सुनेला तोंड दाबून बुक्क्यांचा मार बसला होता, आणि तिने पुढे कित्येक दिवस आबाचं ताट त्याच्यापुढे न बोलता ठेवलं.

पावसाळा संपल्यावर रस्त्याचं काम लागलं. आधी कडेची झाडं गेली. मग दोरीच्या पट्टीचा अर्धा भाग रस्त्यात गेला आणि तिथे पत्र्याचं कुंपण आलं. आता सुनेला पूर्वीच्या अर्ध्यावर थांबावं लागायचं. लांब दोरासाठी दोन तुकडे जोडावे लागायचे, आणि जोडलेला दोर ट्रकवाले हातात घेऊन बघायचे आणि परत ठेवायचे. मग रस्त्याच्या मधोमध भिंत उभी राहायला लागली, तुकड्या तुकड्याने. दोन तुकड्यांच्या मध्ये फट असेपर्यंत सून फटीतून जात राहिली. पुढे भारा ढकलायचा, मागून आपण. कामावरची माणसं हाकलायची. एक मुकादम तर तिला रोज म्हणायचा, "मावशी, मरायचंय का?" आणि रोज तीच फट तिच्यासाठी शेवटी बुजवायची राहू द्यायचा. मग एक दिवस तीही बुजली.

बोगदा झाला हॉटेलापाशी. आत पांढरे दिवे, फरशी, वास रंगाचा. सुनेने एकदा भारा डोक्यावर घेऊन तिकडून आणून बघितला. तळ्यापासून चढावर, बोगद्यातून अलीकडे, आणि मग उतरून घरापर्यंत. वाखाचं पाणी मानेवरून पाठीत गळत होतं आणि बोगद्याच्या तोंडाशी जेवून आलेली माणसं नाकाला रुमाल लावून बाजूला होत होती. एका खेपेत सकाळ गेली. चाकावर बसलेली सासू तोवर रिकामं चाक फिरवून थांबली होती.

"भारे मी आणतो," आबा म्हणाला.

"कसे?"

"पूर्वी आणायचो तसे. सरळ."

नवऱ्याने नको म्हटलं, सुनेने नको म्हटलं. आबाने कुणाचं ऐकलं असतं तर गोष्ट इथवर आलीच नसती. सकाळी त्याने सुनेला पुढे घातलं आणि दोघं एका बाजूच्या गाड्या चुकवत मधल्या भिंतीपाशी गेले, भिंत चढून पलीकडे उतरले, तळ्यावर जाऊन भारे काढले. येताना सून आधी भिंतीवरून अलीकडे आली. आबाने पलीकडून भारा वर चढवला, तिने ओढून घेतला. दुसरा चढवला, तोही घेतला. भिंतीचा माथा वाखाच्या पाण्याने बुळबुळीत झाला होता. मग आबा चढला. एक पाय या बाजूला टाकला आणि दुसरा उचलताना घसरला. तो पलीकडेच पडला, पलीकडच्या गाड्यांच्या वाटेवर, भिंतीच्या बुडाशी.

सुनेने भिंतीवरून वाकून बघितलं. तो कुशीवर होता, पाय भलत्याच दिशेला. एक ट्रक भोंगा वाजवत त्याच्या अगदी जवळून गेला आणि त्याच्या डोक्यावरचे पांढरे केस वाऱ्याने उभे राहिले. ती ओरडत सुटली. तिचं ओरडणं गाड्यांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं ते देवाला माहीत, पण पंक्चरवाला लाल फडकं घेऊन धावला, नवरा छपरातून दोर घेऊन आला. दोघांनी आबाच्या काखेतून दोर घातला. आबाचाच दोर, तीनपदरी. वर ओढताना आबा वेदनेने किंचाळला, आणि त्यातही म्हणाला, "गाठ नीट मारा रे."

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी जोडलं, पण आबा पुन्हा उभा राहिला नाही. त्याची खाट छपरात, चाकाशेजारी टाकली. तिथून त्याला पट्टी दिसायची आणि पट्टीच्या टोकाशी पत्रा काढून बांधलेली काँक्रीटची भिंत दिसायची. पलीकडचं काही दिसायचं नाही.

म्हणून बरं. कारण आबा दवाखान्यात होता तेव्हाच तळं बुजलं होतं. रस्त्यासाठी खणलेली माती आणि तोडलेले दगड टाकायला कंत्राटदाराला जागा हवी होती. नकाशात वापर नाही असं लिहिलेली एक जागा होतीच. डंपर लागले आणि घायपाताचे बांध, पाणी, पाटी, सगळं मातीखाली गेलं. सून एकदा बोगद्यातून जाऊन बघून आली. काठावर ठेवलेली तिची मोगरीसुद्धा सापडली नाही. ती मातीवर उभी राहून मोठ्याने रडली. तिथे ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून रडता आलं.

आबाला कुणी सांगितलं नाही. नवरा हॉटेलात भांडी घासायला लागला होता. तो बाजारातून तयार वाख आणायचा. सून तो पिंपातल्या पाण्यात भिजवायची, पिळायची, आणि मागच्या बाजूने ओला भारा घेऊन छपरात यायची.

"आज बोगद्यातून लवकर आलीस," आबा म्हणायचा.

"पाणी चांगलं आहे तळ्याला," ती म्हणायची. "वाख पटकन सुटतो."

तिच्या हातांच्या चिरा हळूहळू भरून येत होत्या. ते हात ती त्याच्यासमोर पदराखाली ठेवायची. सासूला दिसत नव्हतं, पण तिने एकदा भिजल्या वाखावर नाक टेकवलं, काही न बोलता बाजूला ठेवला, आणि चाक फिरवायला घेतलं. झाकली मूठ. फरक एवढाच की आता मुठीत काही नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात बाई परत आल्या. तीच पायताणं, किंवा तशीच दुसरी. रस्ता झाल्यावर लोकांना काय अडचण येते हे विचारत फिरत होत्या. वळणावर पंक्चरवाला त्यांना म्हणाला, "बैल गेला आणि झोपा केला, बाई." त्या छपरात आल्या, खाटेकडे बघितलं, आणि आबाला नमस्कार केला.

"रस्ता ओलांडायला त्रास होतो का?" त्यांनी सुनेला विचारलं. "अजूनही कुणी वळणावरून पलीकडे जात असेल तर वरून एक पायपूल मागता येईल. मिळेलच असं नाही. पण मागता येईल."

सुनेने तोंड उघडण्याआधीच आबा खाटेवर कोपरांवर उठला. त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या.

"जाते!" तो ओरडला. "ही जाते! रोज जाते, दिवसातून कितीदा जाते! आम्ही सगळे जायचो. तळ्यावर वाख कुजवतो आम्ही, पाटी असली तरी कुजवतो. लिहा! तेव्हा मी खोटं बोललो होतो, हिचं खरं होतं. लिहा सगळं!"

एवढं बोलून तो धापा टाकायला लागला. चाक थांबलं होतं. बाईंनी हातातला नकाशा उलगडला, त्यावर बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं.

"कुठलं तळं, आजोबा?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "पलीकडे तर भराव आहे."

आबाने सुनेकडे बघितलं. सभेत तिने त्याच्याकडे बघितलं होतं, तसंच. एकदा होय म्हण. सुनेला ते सगळं त्याच्या तोंडावर वाचता येत होतं, आणि खोटं बोलायची तिची तयारीही होती. कितीही खोटं ती बोलली असती. पण छत्री लावून पुन्हा मुली बसल्या तर त्यांना काय दिसणार होतं? मातीच्या ढिगाकडे कोण कशाला जाईल?

"तळं बुजवलं, आबा," ती म्हणाली. "तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा."

"मग हा वाख?"

"बाजारातला."

आबाने खाटेच्या कडेला लोंबणारा वाखाचा पुंजका हातात घेतला, दोन बोटांत चुरगळला, नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला. सुनेने पदराखालचे हात बाहेर काढले होते. ते त्याने बघितले.

"लिहा," तो बाईंना म्हणाला. आवाज खाली आला होता. "आमच्यातलं कुणी रस्ता ओलांडत नाही."

सभेतही तो हेच शब्द बोलला होता. या वेळी ते खरे होते. बाईंनी लिहिलं, भांडंभर पाणी प्यायल्या आणि गेल्या.

सासूने चाकाला हात घातला. घेतलेलं काम पुरं करायला हवं होतं, हॉटेलवाल्याला कुंपणासाठी दोर हवा होता. सुनेने पुंजका कमरेला बांधला, टोक चाकाच्या आकड्यात अडकवलं आणि मागे मागे निघाली. बोटांतून वाख सुटत होता, दोरी लांब होत होती. आबा खाटेवरून तिच्याकडेच बघत होता. ती पट्टीच्या टोकाशी आली, उन्हाने तापलेली भिंत तिच्या पाठीला टेकली, तरी तो ओरडला नाही.